दिवाळीची शुभेच्छापत्रं पलटणीपर्यंत पोचवताना

जवानांना दिवाळीची शुभेच्छापत्रं पाठवायची म्हटलं की पहिलं घोडं अडतं ते पत्त्यापाशी. ‘सीमेवरील जवानांस, सियाचीन’ असं लिहिलेलं पाकीट पेटीत टाकलं तर ते जाणार कुठे? आमच्या नववीच्या मुलांनी हाच पत्ता फळ्यावर लिहून ठेवला होता, आणि पाकिटांवर तो घालायला ती तयारच बसली होती. मी म्हटलं, थांबा. अशी कार्डं दर वर्षी पुष्कळ ठिकाणी होतात. मुलं मन लावून रंगवतात, गठ्ठा हातात धरून फोटो निघतो, आणि पुढे त्या गठ्ठ्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. यंदा आमची कार्डं कुणाच्या तरी हातात खरोखर पडली पाहिजेत, आणि ती पाठवताना तिकडच्या जवानाला किंवा इकडच्या मुलाला कसलाही ताप होता कामा नये, एवढं मी मनाशी पक्कं केलं. त्यासाठी काय काय करावं लागलं ते सगळं लिहिते. कोल्हापुरातल्या दुसऱ्या शाळांमधल्या बाई मला हेच विचारतात.

मी फौजीची मुलगी. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या सैनिक टाकळीची तर घरटी एक तरी फौजी अशी ख्याती. आईला लिहिता येत नसे, म्हणून वडिलांना पत्र लिहायचं काम मला चार अक्षरं येऊ लागल्यापासून माझ्याकडेच होतं. आई चुलीपुढून सांगायची आणि मी लिहायची. पत्ता मला तोंडपाठ होता: नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि सगळ्यात खाली ‘मार्फत ५६ एपीओ’. वडील राजस्थानात असोत की काश्मीरात, पत्ता तोच.

एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. हे ५६ एपीओ म्हणजे कुठलं गाव नव्हे. या पत्त्याचं टपाल दिल्लीला लष्कराच्या एक नंबरच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसात जातं. पूर्वेकडच्या पलटणींचं टपाल ‘मार्फत ९९ एपीओ’ असतं, ते कोलकात्याच्या दोन नंबरच्या ऑफिसात. तिथून लष्करी टपाल सेवा ते त्या पलटणीच्या जवळच्या फील्ड पोस्ट ऑफिसला धाडते आणि पलटणीचा पोस्ट ऑर्डर्ली ते घेऊन येतो. पिनकोडचा पहिला आकडा ९ दिसला की हे फौजेचं टपाल, हे पोस्टातल्या माणसाला लगेच कळतं. पलटण नेमकी कुठे आहे हे मात्र पाकीट हाताळणाऱ्या फौजेबाहेरच्या कुणालाच कळत नाही, आणि सगळी व्यवस्था त्याचसाठी आहे. म्हणून एपीओच्या पत्त्याखाली लेह, कुपवाडा, तवांग असं काही आपल्या मनानं घालायचं नाही. पत्र लवकर पोचेल म्हणून लोक प्रेमानं घालतात, पण जे झाकायचं तेच त्यानं उघडं पडतं. शिवाय खासगी कुरियर एपीओच्या पत्त्यावर जात नाही, त्यामुळे पोस्टाशिवाय मार्ग नाही.

पत्त्याची रीत मला माहीत होती, पण पत्ता कुणाचा घ्यायचा? वर्गातल्या एका मुलीचे आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना भेटायला गेले. त्यांचा पुतण्या त्याच पलटणीत आहे. पलटण कोणती, ते इथे लिहिणार नाही, आणि ते का लिहीत नाही हे एवढ्यात लक्षात आलंच असेल. सुभेदारकाकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, आधी त्यास्नी इचारू. न इचारता गठ्ठा पाठवला तर त्यो कुणाचा, कशाचा, ह्यातच त्यांचा दिवस जायचा.” पुतण्यानं त्याच्या कंपनीच्या साहेबांना विचारलं आणि होकार आला. निरोप असा: गठ्ठा एकच पाठवा, पुतण्याच्या नावानं पाठवा, कार्डांवर कुणा जवानाचं नाव घालू नका. आम्ही उघडून बघू आणि मगच वाटू.

हा होकार नसता तर मी पुढे गेलेच नसते. घरचं कुणी फौजेत नसेल तर ओळखीतल्या फौजी कुटुंबातून विचारावं. माजी सैनिकांची संघटना जवळपास कुठे ना कुठे असतेच, आणि बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथेही माजी सैनिकांची ये-जा असते. आपली कार्डं येणार आहेत हे घेणाऱ्याला आधी ठाऊक असलं पाहिजे, ही यातली मुख्य गोष्ट.

मग कार्डांना सुरुवात झाली आणि आत काय घालायचं यावरून घराघरांतून मागण्या येऊ लागल्या. एका आईनं जोतिबाचा गुलाल पुडीत बांधून दिला. दुसरीनं अंबाबाईचं कुंकू दिलं. कुणी भडंग, कुणी शेंगदाण्याचे लाडू. एका मुलानं दुकानातून गाणं वाजणारं कार्ड आणलं. प्रत्येकाच्या मागची माया मला दिसत होती, आणि तरीही प्रत्येकाला नाही म्हणायचं होतं. तेव्हा मी पालकांना बोलावून कारणं सांगितली.

२००१ साली अमेरिकेत पाकिटांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली. त्यात पाच माणसं गेली. तोपर्यंत तिकडे सणासुदीला ‘कोणत्याही सैनिकास’ अशा पत्त्यावर कुणीही पत्र पाठवू शकत असे, ती सोय त्यांच्या संरक्षण खात्याला बंद करावी लागली. तेव्हापासून अनोळखी पाकिटातून पूड सांडली की ते पाकीट जगात कुठेही संशयानंच बघितलं जातं. आपल्याला तो देवाचा गुलाल आहे हे माहीत असतं, टपाल तपासणाऱ्याला ते कुठून कळणार? चमकीलाही मी याच कारणानं नाही म्हटलं. ती सुटून येते, बोटांना चिकटते आणि बघणाऱ्याच्या मनात शंका येते. वाजणाऱ्या कार्डात बटन सेल असतो. बंद पाकिटात तार आणि सेल हाताला लागले तर तपासणारा ते बाजूलाच काढणार, आणि त्याचं बरोबरच आहे. अत्तराची कुपी, फुलबाज्या, काडेपेटी हे टपालात चालतच नाही. खाऊचं म्हणाल तर, कुणी बनवला हे ठाऊक नसलेला लाडू फौजेनं खावा अशी अपेक्षाच आपण करू नये.

कुंकवाची पुडी दिलेल्या त्या माउलीचा चेहरा उतरला. मग तिनंच तोड काढली. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना आपण हळदीकुंकवाचं बोट लावतो ना, तसं कुंकू पाण्यात कालवून तिनं प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्याला एकेक बोट टेकवलं. वर्गातले बाक रिकामे करून कार्डं पंख्याखाली मांडली. पार वाळल्यावर मी प्रत्येक कार्ड पांढऱ्या रुमालावर घासून बघितलं. रंग सुटत नव्हता. पूड गेली नाही, पण अंबाबाईचं कुंकू गेलं.

दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. नववी-दहावीतल्या मुलींनी किती आपुलकीनं लिहिलं होतं: पूर्ण नाव, घरचा पत्ता, आईचा मोबाइल नंबर, ‘फोन करा हं दादा’. दोघी-तिघींनी इन्स्टाग्रामचं खातंही दिलं होतं. यात मुलींना धोका आहे हे पालकांना लगेच पटलं. जवानालाही धोका आहे हे मात्र समजावून सांगावं लागलं. अनोळखी मुलीच्या नावानं ओळख वाढवायची, गोड बोलायचं आणि हळूहळू पलटणीची माहिती काढायची, असे डाव शत्रूकडून सतत टाकले जातात. त्यासाठीच २०२० च्या जुलैत लष्करानं आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला सांगितली होती. अशा माणसाच्या हातात आपण अनोळखी मुलीचं खातं लिहिलेलं कार्ड ठेवलं तर त्याच्यापुढे नसता पेच उभा राहतो. आपली मुलगी निर्मळ मनानं लिहिते, पण त्याला नियमानं वागायचं असतं.

म्हणून ठरलं ते असं. कार्डावर मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता, बाकी काही नाही. आडनाव नाही, फोटो नाही, नंबर नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता एकच, शाळेचा, आणि तो फक्त गठ्ठ्यावर. उत्तर आलं तर शाळेत येईल आणि सगळ्यांसमोर वाचलं जाईल. गावाच्या नावावर मी थोडा वेळ अडखळले, कारण लहान गावात पहिल्या नावावरूनही घर सापडतं. शेवटी तालुक्यापर्यंतच लिहायचं ठरवलं. ‘शिरोळ तालुक्यातून’, ‘करवीर तालुक्यातून’ एवढं वाचून कोल्हापूर भागातल्या जवानाला जे वाटायचं ते वाटणारच.

फोटोंचंही तेच. कार्डांचे फोटो काढायला मी मुलांना मोकळीक दिली, पत्ता लिहिलेल्या गठ्ठ्याचा मात्र एकही फोटो निघू दिला नाही. नंबर, नाव, हुद्दा आणि पलटण एका चित्रात आली आणि ते चित्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं की ते कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. पत्ता मी स्वतः, शेवटच्या दिवशी, मुलं घरी गेल्यावर लिहिला.

आता मजकूर. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि तोच सगळ्यात कमी दिला जातो. मुलांची पहिली कार्डं वाचली तेव्हा निम्म्यांत रक्त होतं. बंदुका, तिरडी, तिरंग्यात गुंडाळलेला देह, ‘तुमचं बलिदान आम्ही विसरणार नाही’. मुलं टीव्हीवर बघतात तेच लिहितात, त्यांना बोल कसा लावणार? मी ती कार्डं घेऊन सुभेदारकाकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितलं आणि तसली कार्डं शांतपणे वेगळी ठेवली. म्हणाले, “सणाला मरणाचं कशाला काढायचं, बाई? त्यो तिथं जित्ता हाय, खुशाल हाय, आनि रजेची वाट बघायलाय.”

मग आणखी एक सुचवलं. बहुतेक मुलांनी ‘प्रिय जवान काका’ असं लिहिलं होतं. सुभेदारकाका म्हणाले, “अग्निवीराची भरती साडेसतराच्या वयापास्नं हुतीया. नववीच्या पोरीनं त्येला काका म्हनायचं व्हय? दादा लिवा.” मुलांना याचं फार नवल वाटलं. आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असलेला कुणीतरी ते कार्ड उघडणार आहे हे कळल्यावर त्यांची लिहिण्याची भाषाच पालटली. ‘शूरवीरा, तुला शतशः प्रणाम’ गेलं आणि ‘दादा, तुला चकली आवडते की करंजी?’ आलं.

प्रश्न विचारायचे, पण कुठले? तू कुठे आहेस, तुमच्याकडे किती माणसं आहेत, पुढे कुठे जाणार, रजेवर कधी येणार, यांतलं काही विचारायचं नाही. त्याला उत्तर देता येत नाही, आणि नाही म्हणायला त्याला वाईट वाटतं. मग काय लिहायचं? मी वडिलांची पत्रं आठवली. ती आईनं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. वडिलांच्या पत्रांत लढाईचा शब्दसुद्धा नसे. म्हैस व्याली का, ऊस कारखान्याला गेला का, पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, धाकट्याचा ताप उतरला का, हेच असायचं. आणि आम्ही थोडक्यात लिहिलं तर पुढच्या पत्रात तक्रार असायची, सविस्तर लिहीत जा. घरचं सगळं नेहमीसारखं चाललंय हे त्यांना ऐकायचं असायचं. मी मुलांना त्यातली दोन पत्रं वाचून दाखवली आणि म्हटलं, असं लिहा.

त्यानंतर जी कार्डं आली ती मला अजून आठवतात. एका मुलानं लिहिलं होतं, ‘यंदा आम्ही पन्हाळा करणार आहे. लाल माती आणून ठेवलीय. तीन दरवाजा मी एकटा करणार. तटावर अळीव पेरणार. मावळ्यांत मी एक तुमच्यासारखा बंदूकवाला पण ठेवणार आहे, तो दरवाजाजवळ उभा राहील.’ एकीनं रंकाळ्यावर पाऊस आला तेव्हा भेळ कशी भिजली ते लिहिलं. एकानं गुऱ्हाळाच्या काहिलीचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, ‘वास पाठवता येत नाही.’ शुभेच्छांच्या दोन ओळी प्रत्येकात होत्याच, पण त्या शेवटी.

भाषा मराठीच ठेवली, कारण या पलटणीत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत. दुसरीकडे पाठवायची असती तर सोप्या हिंदीत लिहायला लावलं असतं. देशभरातली मुलं एकत्र असतात, आपल्याला आलेलं कार्ड दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये.

एक कार्ड मात्र मी त्या गठ्ठ्यात घातलं नाही. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली होता तेव्हा लष्कराच्या आणि नौदलाच्या तुकड्या बोटी घेऊन आल्या होत्या. आमच्या वर्गातली एक मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला आणि तिच्या आजीला बोटीतून बाहेर काढलं. ती बोट नेव्हीची होती, असं तिचे आजोबा सांगतात. तिनं कार्डावर लिहिलं होतं, ‘बोटवाल्या दादांना. आजीनं तुम्हाला हात जोडले तेव्हा तुम्ही तिचे हात धरलेत.’ हे पायदळाच्या पलटणीला पाठवून कसं चालेल? ते मी जपून ठेवलं.

बांधाबांधीचं फार नाही. कार्डं साध्या जाड कागदाची, डिंकानं चिकटवलेली, स्टेपलरची एकही पिन नाही. पाकिटं उघडीच. काकांनी सांगून ठेवलं होतं, “पाकीट उघडं ठेवा. आतलं कुनीबी बघितलं तर बघू दे.” सगळी एका खोक्यात, वर खाकी कागद, आणि बाहेर ठळक अक्षरात ‘फक्त कागदी शुभेच्छापत्रे’. कार्डं थोडी जास्तच घातली. कंपनीत एकाला मिळालं आणि शेजारच्याला नाही, असं व्हायला नको होतं.

एक पालक म्हणाले, रजिस्टर करा. पण १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिळवली आहे. म्हणून स्पीड पोस्टानंच पाठवलं. पावती जपली, पण तिच्यावर पिनकोड होता म्हणून तिचाही फोटो कुणाला पाठवला नाही. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, आणि आमचं खोकं घटस्थापनेच्या आधीच निघालं. इतक्या लवकर कशाला, असं शाळेत सगळ्यांनी विचारलं. दिल्लीपर्यंत टपाल झपाट्यानं जातं, पुढचं काही सांगता येत नाही. वरच्या चौक्यांना बर्फ आणि ढग बघूनच सामान चढतं, त्यात आधी रेशन आणि औषधं, मग पत्रं. तसंच असायला हवं. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेलं कार्ड मकरसंक्रांतीला पोचलं तर दोष टपालाला देता येणार नाही.

उत्तर आलं. एका पानाचं, मराठीत, शाळेच्या पत्त्यावर. त्यावर ना गावाचं नाव होतं ना कुणाचा फोटो. कार्डं लंगरात वाटली आणि मग एकमेकांत बदलून वाचली, असं लिहिलं होतं. खाली वेगवेगळ्या अक्षरांत तीन-चार ओळी होत्या. एक होती, ‘तीन दरवाजा पडला तर नाही ना?’ त्या मुलानं लगेच वहीचं पान फाडून दरवाज्याचं चित्र काढायला घेतलं. ते पुढच्या पत्रात जाईल.

आता ‘बोटवाल्या दादां’ची पाळी. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो. दहावीतल्या एका मुलाचा भाऊ जहाजावर आहे. त्याच्या घरच्यांकडून विचारणा गेली आणि होकारही आला आहे. नौदलाचा पत्ता वेगळा: नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठल्या बंदरात आहे हे इथेही लिहायचं नाही. जहाज समुद्रात असेल तर टपाल ते बंदराला लागेपर्यंत थांबून राहतं, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही कागद कापायला घेतले आहेत. नियम तेच, पहिलं नाव आणि इयत्ता. त्या मुलीनं मात्र तिच्या कार्डावर आजीचा अंगठा उठवून आणला आहे. अंगठ्यावर नाव नसतं, तेव्हा तो तसाच जाईल.